पायउतार

बलिप्रतिपदेला ओवाळताना घरोघरी बळीचे राज्य येवो असे म्हटले जाते. म्हणताना आपण फारसा विचार करीत नाही. पण मौज अशी की, ज्याला आपण दरवर्षी असे बोलावतो तो राजा राज्य जिंकल्याबद्दल लोकांच्या लक्षात राहिलेला नाही, राज्य सोडल्याबद्दल राहिला आहे. त्रैलोक्य हाती असताना एका बटूने तीन पावले भूमी मागितली, दोन पावलांत सारे संपले, आणि तिसऱ्यासाठी बळीने आपले मस्तक पुढे केले. पाय वामनाचा आणि उतार बळीचा! 'पायउतार' हा शब्द इतक्या अक्षरशः क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

या कथेत मला वामनापेक्षा शुक्राचार्यांचे कुतूहल अधिक वाटते. आपण त्यांना खलपुरुषासारखे रंगवतो, ते बरोबर नाही. ते राजाचे गुरू होते. समोरचा बटू कोण आहे हे त्यांनी ओळखले होते. आणि यजमानाचे हित पाहणे हे त्यांचे कर्तव्य होते. राजा, शब्द दिला खरा, पण अशा प्रसंगी तो मोडला तरी दोष नाही, असा शास्त्रार्थही त्यांनी सांगून पाहिला. बळीने ऐकले नाही तेव्हा ते सूक्ष्म रूपाने झारीच्या नळीत जाऊन बसले. उदक सुटले नाही तर दान पुरे होत नाही! पुढे दर्भाच्या काडीने त्यांचा डोळा गेला आणि आपल्या भाषेला 'झारीतले शुक्राचार्य' मिळाले.

सत्ता सोडण्याची वेळ आलेल्या प्रत्येक माणसाजवळ असा एक शुक्राचार्य असतो. तो मूर्ख नसतो, बहुधा विद्वान असतो, आणि पुष्कळदा त्या माणसाच्या मनातच बसलेला असतो. निरनिराळ्या देशांच्या राज्यघटना ताडून पाहायच्या तर या शुक्राचार्याचे त्यांनी काय केले, हे पाहावे असे मला वाटते.

शाळा-कॉलेजांतून राज्यघटनांची तुलना करतात ती वेगळ्या तऱ्हेने. लिखित आणि अलिखित, अध्यक्षीय आणि संसदीय, एकात्म आणि संघात्मक असे रकाने पाडायचे आणि एकेक देश त्यात बसवायचा. परीक्षेला ते उपयोगी पडते. पण घराण्याची पारख लग्नाच्या मांडवात होत नाही. सासूने किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती कसा दिला, यावरून ती होते. दिला की काढून घ्यावा लागला, आणि दिल्यावर कोठीची एखादी किल्ली पदराच्या गाठीला राहिली की काय! राष्ट्रांचेही तसेच आहे. खुर्चीवर चढण्याचा सोहळा जगभर बहुतेक सारखा, वाजंत्री आणि हार-तुरे. उतरण्याची रीत मात्र ज्याची त्याची.

अमेरिकेपासून आरंभ करू, कारण तेथे सगळे कागदावर लिहून ठेवलेले आहे अशी आपली समजूत असते. 1787 साली जी घटना तयार झाली तीत राष्ट्राध्यक्षाने किती वेळा निवडून यावे यावर काहीही मर्यादा नव्हती. मर्यादा घातली ती जॉर्ज वॉशिंग्टनने, स्वतःच्या वागण्याने. युद्ध संपल्यावर 1783 च्या डिसेंबरात त्याने सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या हाती दिला होता. ज्याच्यामागे विजयी सैन्य उभे आहे असा माणूस शेतीवाडी पाहायला घरी जातो, हे त्या काळच्या युरोपला नवल होते. 1796 साली दोन मुदती पुऱ्या होत आल्यावर त्याने देशाचा निरोप घेतला, आणि तिसऱ्यांदा उभे राहायचे नाही असा संकेत पडला. एकदोघांनी तो मोडून पाहिला, पण जमले नाही. 1940 साली फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले आणि 1944 मध्ये चौथ्यांदाही. महायुद्ध चालू होते. लोकांनीच त्यांना निवडले होते. त्यात बेकायदा असे काहीच नव्हते. तरीही त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेने 1951 साली बाविसावी घटनादुरुस्ती करून दोन मुदतींची मर्यादा लिहून टाकली. जोवर लाज पुरत होती तोवर कायद्याची गरज नव्हती. ती पुरेनाशी झाली तेव्हा दीडशे वर्षांची रीत चार ओळींचे कलम झाली.

आणि तेथे वेळही ठरलेली आहे. पूर्वी नवा अध्यक्ष 4 मार्चला येई. नोव्हेंबरात निवडणूक हरलेला पक्ष चार महिने घरात बसून राही. लिंकन निवडून आल्यावर ते अधिकारावर येईपर्यंतच्या काळात दक्षिणेतली सात राज्ये फुटून निघाली, आणि जुने अध्यक्ष बुकॅनन नुसते पाहत राहिले. म्हणून 1933 साली घटनेत लिहिले गेले की, 20 जानेवारीला दुपारी बारा वाजता जुन्याची मुदत संपते. बाराचा ठोका पडला की ज्याच्या हाती अणुबॉम्ब होता तो साधा नागरिक. शुक्राचार्याला बसायला झारीच ठेवायची नाही, अशी ही योजना आहे.

परंतु घड्याळाला स्वतःचे हात नसतात. 6 जानेवारी 2021 रोजी मतांची शेवटची मोजणी चालू असताना पराभूत अध्यक्षांच्या समर्थकांचा जमाव संसदभवनात घुसला. त्या दिवशी उपाध्यक्षांकडे काम होते ते लिफाफे उघडण्याचे. ते न उघडण्याविषयी त्यांच्यावर दडपण होते, आणि त्यासाठी शास्त्रार्थ तयार करून देणारे विद्वानही होते. पेन्स यांनी मानले नाही. रात्री सभा पुन्हा भरली आणि पहाटे मोजणी पुरी झाली. 20 जानेवारीला बारा वाजता ट्रंप यांची मुदत संपली, उत्तराधिकाऱ्याच्या शपथविधीला ते थांबले नाहीत. (1801 साली जॉन अ‍ॅडम्सही जेफर्सनच्या शपथविधीच्या दिवशी पहाटेच राजधानीतून निघून गेला होता; रुसण्याची परंपरा जुनी आहे.) पुढे 2024 च्या निवडणुकीत तेच ट्रंप रीतसर निवडून आले, तेव्हा लोकांनी या प्रकरणाचे काय मोल केले हा प्रश्न उरतोच. मला एवढेच दिसते की, बारा वाजता मुदत संपते हे कलम स्पष्ट असूनही ते अमलात यायला एका माणसाने आपल्या नेत्याला नाही म्हणावे लागले.

केवळ मुदतीच्या कलमाने भागत असते तर मेक्सिको हा जगातला आदर्श देश ठरला असता. तेथला पोर्फिरियो दियास 1876 साली बंड करून सत्तेवर आला तो 'पुनर्निवड नको' या घोषणेवर. मध्यंतरी चार वर्षे त्याने खुर्ची आपल्या माणसाला दिली, आणि परत येऊन जो बसला तो 1911 पर्यंत उठला नाही. त्याला घालवायला क्रांती करावी लागली. क्रांतीनंतरच्या घटनेत पुनर्निवडीला बंदी आली. मग ओब्रेगोनसाठी ती सैल केली गेली. 1928 साली तो पुन्हा निवडून आला आणि सूत्रे हाती घेण्याआधीच त्याचा खून झाला. तेव्हापासून नियम ठरून गेला: अध्यक्षाला सहा वर्षांची एक मुदत, आणि आयुष्यात पुन्हा कधीही नाही. हा नियम फार कसोशीने पाळला गेला. दर सहा वर्षांनी एकेक अध्यक्ष मुकाट्याने उतरत गेला. मात्र उतरण्यापूर्वी पुढचा कोण हे त्यानेच बोट दाखवून ठरवायचे, अशी पद्धत पडली. माणूस जाई, पक्ष राही. 1929 साली स्थापन झालेला तो पक्ष 2000 सालापर्यंत, एकाहत्तर वर्षे, सत्तेवर होता! कलमाच्या अक्षराला धक्का लागला नाही. किल्ल्यांचा जुडगा दर सहा वर्षांनी या हातातून त्या हातात जात होता, पण कोठी एकाच घराची होती.

जर्मनांनी या प्रश्नाचा विचार अगदी उलट टोकाने केला आहे. त्यांचे दुःख असे नव्हते की राज्यकर्ते उतरत नाहीत. ते पटापट उतरत होते हे दुःख होते. 1919 नंतरच्या वायमार प्रजासत्ताकात चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळे झाली. 1932 च्या जुलैतल्या निवडणुकीनंतर नाझी आणि कम्युनिस्ट या दोन पक्षांकडे मिळून निम्म्याहून अधिक जागा होत्या. हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले; एकत्र राज्य करणे शक्य नव्हते; पण एकत्र येऊन दुसऱ्याचे राज्य पाडणे अगदी सोपे होते. त्या सप्टेंबरात पापेन सरकारविरुद्ध 512 मते पडली आणि बाजूने 42. पुढे चारपाच महिन्यांत हिटलर चॅन्सेलर झाला.

हे पोळलेले लोक 1949 साली नवी घटना लिहायला बसले तेव्हा त्यांनी सदुसष्टावे कलम लिहिले. चॅन्सेलरला काढायचे असेल तर नुसता अविश्वास दाखवून चालणार नाही. त्याच ठरावात नवा चॅन्सेलर बहुमताने निवडला पाहिजे. म्हणजे खुर्ची क्षणभरही रिकामी नाही. मला हे कलम फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडे 'हा नको' म्हणणाऱ्यांची एकी चट्कन होते, 'मग कोण' विचारले की फाटाफूट होते. चाळीच्या सभेपासून साहित्य संमेलनापर्यंत हा अनुभव आहे. जर्मनीत हे कलम 1972 साली वापरून पाहिले गेले आणि ब्रांट यांचे सरकार दोन मतांनी वाचले. पुढे उघड झाले की, पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी पैसे चारले होते! नंतर 1 ऑक्टोबर 1982 रोजी ते यशस्वी झाले. श्मिट गेले, कोल आले. मतमोजणी संपताच श्मिट यांनी जाऊन कोल यांच्याशी हस्तांदोलन केले. हे मात्र सदुसष्टाव्या कलमात नव्हते.

स्वित्झर्लंडविषयी फार लिहीत नाही, कारण तेथे उतरणे हा प्रश्नच त्यांनी ठेवलेला नाही. सात जणांचे मंत्रिमंडळ, चार वर्षांसाठी निवडलेले; अविश्वासाच्या ठरावाची सोयच नाही; आणि अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने. 1848 पासून पुन्हा उभ्या राहिलेल्या मंत्र्याला संसदेने नाकारले असे फक्त चार वेळा घडले आहे. खुर्चीत मोठेपणाच ठेवला नाही म्हणजे तिला चिकटण्यात गोडी उरत नाही, हे खरे. पण याच शांत, समंजस देशाने बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्यासाठी 1971 साल उजाडू दिले. कोणाला कधी खाली उतरावे लागत नाही तेथे वर येणाऱ्यालाही फार ताटकळावे लागते.

आता ज्या उतरण्याला कोणत्याही कलमाचा आधार नसतो त्याकडे वळतो. फ्रान्सचे अध्यक्ष दगॉल यांनी 1969 च्या एप्रिलात सिनेट आणि प्रादेशिक कारभार यांच्या सुधारणेवर सार्वमत घेतले. प्रश्न रूक्ष होता, तो हरल्याने अध्यक्षाने जावे असे घटनेत नव्हते, आणि त्यांची साडेतीन वर्षांहून अधिक मुदत शिल्लक होती. 27 एप्रिलला लोकांनी 'नाही' म्हटले. मध्यरात्रीनंतर दोन वाक्यांचे निवेदन आले, आणि 28 ला दुपारपासून ते अध्यक्ष राहिले नाहीत. आपल्याकडे 1956 साल असे राजीनाम्यांचे होते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेखाते सोडले. दोघांनाही कोणी घटनेचे कलम दाखवले नव्हते. जनाची नाही तर मनाची तरी, असे आपण म्हणतो. येथे मनाचीच होती.

तरी राजीनामा म्हणजे सद्गुण, असे समीकरण मांडायला मी तयार नाही. दगॉल यांनी मी जाईन, मी जाईन असे सांगून मते मागितली होती. जाण्याची धमकी हेही बसून राहण्याचे एक साधन असते, हे सासरी नांदलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. आणि कधी उतरण्याची घाई महागात पडते. महाराष्ट्रात 29 जून 2022 रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधानसभेत बहुमताची परीक्षा होण्याच्या आदल्या रात्री राजीनामा दिला. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला, तो असा की, त्या परीक्षेसाठी राज्यपालांनी सभागृह बोलावणे समर्थनीय नव्हते. परंतु मुख्यमंत्री सभागृहाला सामोरे न जाता आपण होऊन पायउतार झाले असल्यामुळे जुनी स्थिती परत आणता येत नाही. त्या राजकारणात कोणाचे बरोबर होते यात मी शिरत नाही. दिवाळीचा फराळ गोड लागावा. पण न्यायालय ढकलून पाडलेल्याला उचलू शकते, स्वतः उतरलेल्याला नाही, हे तत्त्व विचार करण्यासारखे आहे. सभ्यपणाने उतरावे की सभागृहात उभे राहून हरावे?

आंबेडकरांना हे सारे दिसत होते. 1948 च्या नोव्हेंबरात घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी घटनात्मक नीतीचा उल्लेख केला आणि ती भावना उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे बजावले. वर्षभराने त्यांनी असेही सांगितले की, घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. घटनेचा शिल्पकार असे म्हणतो तेव्हा तो कागदाला कमी लेखत नसतो. कागद कोठे संपतो ते त्याला माहीत असते.

कागद संपतो त्या जागेच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही एका मताच्या आहेत.

पहिली आपली. 17 एप्रिल 1999 रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. बाजूने 269, विरुद्ध 270. विरुद्ध मत देणाऱ्यांत गिरिधर गमांग होते. दोन महिन्यांपूर्वी ते ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेची जागा त्यांनी सोडलेली नव्हती, आणि विधानसभेवर निवडून येण्यास सहा महिन्यांची सवलत असल्याने कायद्याने ती सोडण्याची तेव्हाच सक्तीही नव्हती. एका राज्याचा मुख्यमंत्री देशाचे सरकार पाडायला मत देऊ शकतो काय, हा प्रश्न उठला तेव्हा सभापतींनी तो त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवला. त्यांनी मत दिले. एकट्या गमांगांकडे बोट दाखवणे अर्थात न्यायाचे नाही. नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनीही पक्षाचा आदेश मोडून विरुद्ध मत दिले होते. पण मला त्या दिवसाचे मोठे वाटते ते दुसरेच. एक मत कमी पडले, आणि वाजपेयींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ते मत अवैध आहे म्हणून कोर्टकचेरी केली नाही. पुढे काही महिने ते काळजीवाहू पंतप्रधान होते, त्याच काळात कारगिलचे युद्ध झाले, आणि निवडणुकीनंतर ते परत आले.

दुसरी गोष्ट इंग्लंडची, वीस वर्षे आधीची. इंग्लंडात एकच एक अशी लिहिलेली घटनाच नाही; सारे संकेतांवर चालते. 28 मार्च 1979 रोजी पंतप्रधान कॅलहन यांच्या मजूर सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. मते इतकी काट्यावर होती की, दोन्ही बाजू एकेक माणूस मोजत होत्या. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन मरणपंथाला लागले होते. त्यांना यॉर्कशरहून रुग्णवाहिकेतून लंडनला आणण्याचा विचार झाला, पण वाटेतच काही होईल या भीतीने आणले नाही. त्या सभागृहात एक जुनी समजूत आहे की, एका पक्षाचा सभासद आजारी असेल तर दुसऱ्या पक्षाने आपलाही एक जण मतदानापासून दूर ठेवावा. मजूर पक्षाचे उपप्रतोद वॉल्टर हॅरिसन विरोधी पक्षाचे उपप्रतोद बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे गेले आणि म्हणाले, ब्रॉटनच्या बदली तुमचा एक माणूस द्या.

वेदरिल यांनी सांगितले की, सरकारच्या जीवनमरणाच्या ठरावाला ही समजूत लागू पडत नाही, आणि अशा रात्री घरी बसायला आपल्या पक्षातला एकही सभासद तयार होणार नाही. हा शास्त्रार्थ बिनतोड होता. पण मग ते म्हणाले की, आजारी माणसाविषयी आपल्यात शब्द होता हेही खरे. म्हणून मत न देणारा तो एक जण मी स्वतः होतो. उपप्रतोदाने अशा रात्री मत दिले नसते तर त्याचे राजकीय आयुष्य तेथेच संपले असते, हे दोघांनाही कळत होते.

हॅरिसन यांचे कामच मते गोळा करण्याचे होते. हवे ते मत हातावर ठेवले जात होते. समसमान मते पडली असती तर सभापतींच्या मताने, प्रघाताप्रमाणे, ठराव फेटाळला गेला असता. त्यांनी वेदरिल यांना शब्दातून मोकळे केले.

ठराव 311 विरुद्ध 310 मतांनी संमत झाला. कॅलहन यांनी निवडणूक जाहीर केली. ब्रॉटन पाच दिवसांनी वारले. मे महिन्यात थॅचर आल्या आणि त्यांचा पक्ष अठरा वर्षे सत्तेवर राहिला. वेदरिल 1983 साली त्याच सभागृहाचे सभापती झाले.

हॅरिसन यांनी योग्य केले असे मला वाटते. पण ते ज्या वेकफील्डमधून निवडून येत तो कोळशाच्या खाणींचा मुलूख. 1984 साली तेथील खाणकामगार वर्षभर संपावर होते. पुढे एकेक करून खाणी बंद झाल्या. हॅरिसन 1987 पर्यंत त्यांचेच प्रतिनिधी होते. त्या रात्री तुमच्या हातात एक मत होते आणि तुम्ही ते परत दिले, असे त्या खाणकामगारांपैकी कोणाच्या बायकोने त्यांना विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो.